पोटात भरती सोडणारा मुकादम

कोपरीच्या खाडीवरून काळुराम मुकादम चालायचा तो असा, की खाडी जणू त्याच्या बापानेच खणली आहे. छाती पुढे, कानावर अर्धी विडी, आणि समोर दिसेल त्याला हाक न मारता शिवी. मिठागराचा मालक मुंबईत. वर्षातून एखाद वेळी यायचा, बूट चिखलात भरतील म्हणून बांधावरूनच बघायचा, नाकाला रुमाल लावून परत जायचा. त्यामुळे बांधाच्या आत राज्य काळुरामचं. खाडीचं पाणी आत घ्यायला बांधात लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ती उघाडी त्याच्या हुकमाशिवाय कुणी हलवायची नाही. भरती चंद्रामुळे येते असं त्याला कुणी सांगितलं असतं, तर त्याने चंद्रालाही सकाळच्या हजेरीला उभं केलं असतं.

पाण्यातलं त्याला कळत होतं, हे खरं. ते नाकारण्यात अर्थ नाही. कुठल्या वाफ्यात किती पाणी, ते कधी आटणार, मीठ कधी धरणार, हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. पण एक गोष्ट येणाऱ्या माणसाला सगळंच येतं असं वाटायला लागतं, आणि आजूबाजूचे लोकही ते त्याला वाटू देतात. कुणाच्या म्हशीला ताप, काळुरामला विचारा. कुणाच्या पोरीचं जमत नाही, काळुरामला विचारा. तोही सांगायचा. पान थुंकायचा आणि सांगायचा. म्हैस मेली तर म्हैस नालायक.

अशा या शहाण्याच्या घरात कल्याणच्या बाजूची तुळसा बायको म्हणून आली. आईबाप नव्हते. एक भाऊ, परशुराम, कल्याणच्या घाऊक बाजारात गोणी वाहायचा. तुळसा अंगाने दणकट, बोलायला कमी. काळुरामला हे दोन्ही गुण पसंत पडले. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच ती डोक्यावर ओल्या चिखलाची पाटी घेऊन बांधावर उभी.

तिला दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळेला तिसऱ्या महिन्याच्या आसपास सगळं गळून गेलं. पहिल्या वेळेला ती पाटी उतरवून बांधाच्या आड गेली, बऱ्याच वेळाने परत आली आणि पुन्हा पाटी उचलली. मुकादमाचीच बायको घरी बसली तर बाकीच्या बायकांना कामावर कुठल्या तोंडाने बोलवायचं, असा मुकादमाचा सवाल होता. सवाल त्याचा, जबाबही त्याचाच. तुळसाला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळेनंतर काळुरामची आई ठमाबाई ओटीवर बसून गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली, "हिचे रक्तातच खोट हाय. आईचे रक्ताचा गोळा म्हंजे पोर. रक्तच नासका, तं गोळा कसा धरल?"

झालं. निकाल लागला. ओटीवर बसून निकाल देणाऱ्यांना पुरावा लागत नाही.

मग ठमाबाईनेच डोंबिवलीजवळच्या गावातली एक मुलगी हेरली. दुसरी बायको करायला मुंबई इलाख्यात कायद्याने बंदी येऊन पाच-सहा वर्षं होऊन गेली होती. कोपरीत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. "कायदा करणारे काय आमच्या ओटीवर येतान बघायला?" असं काळुराम म्हणायचा. अडचण एवढीच, की गावच्या पंचांना काहीतरी कारण दाखवायला हवं होतं. पंच म्हणजे चार म्हातारे. यांना बाईवरचा अन्याय दिसत नाही, पण कारण नसलेला अन्याय खपत नाही.

तेवढ्यात, भर पावसाळ्यात, तुळसाला तिसऱ्यांदा दिवस गेले. पावसाळा संपून मिठागराची कामं सुरू झाली. आणि मागच्यासारखंच, तिसऱ्या महिन्याच्या तोंडावर लुगड्याला डाग दिसायला लागले.

काळुरामच्या डोक्यात झटकन उजेड पडला. हिला ठाण्याच्या दवाखान्यात न्यायचं. डॉक्टरने एकदा तोंडाने म्हटलं की हिचं रक्त खराब, की पंचांची तोंडं बंद. बायकोला दवाखान्यात नेणारा नवरा म्हणून गावात नाव होईल ते वेगळंच. तुळसाला मात्र वाटलं, ह्या वेळेला ह्याला माझी काळजी पडली. ती नवं लुगडं नेसून निघाली.

दवाखाना धर्मादाय होता, आणि बाकावर बसलेल्यांना ते विसरू दिलं जात नव्हतं. डॉक्टरसाहेब आले, त्यांनी तुळसाला तपासलं आणि मग तिच्याकडे पाठ करून भिंतीला सांगावं तसं सांगितलं, "संपूर्ण विश्रांती. दूध, फळं, अंडी. जड उचलायचं नाही." दूध, फळं, अंडी! मिठागरातल्या बाईने हे तीन शब्द एका दमात ऐकले तर ती आधी हसेल. तुळसा हसली नाही. ती डॉक्टरच्या पाठीकडे बघत राहिली. डॉक्टर पुढच्या बाईकडे वळले.

काळुराम तिथेच उभा राहिला. शेवटी मंदाकिनी नावाची नर्स, डोंबिवलीची, तोंडाने फटकळ, तिने विचारलं, "तुमचं काय आता?"

"बाय, तेवढा एक सांग. हिचं रक्त खराब हाय ना?"

"कुणी सांगितलं?"

"माझी आये सांगते. दोन गेली. रक्त नासका म्हून पोर धरत नाय."

"तुमच्या आईने डॉक्टरकी कुठे केली?"

बाकावरच्या दोघी-तिघी फिसकन हसल्या. काळुरामचे कान तापले. नर्सने हातातलं काम ठेवलं आणि तुळसाकडे बघून बोलायला लागली. एवढ्या वेळात तुळसाकडे बघून बोलणारी ती पहिलीच.

"हे बघ बाई, पोर आईच्या रक्ताचं बनत नाही. त्याचं रक्त वेगळं, तुझं वेगळं. मध्ये वार असते. बाळंतपणात मागून पडते ती. ती पिशवीच्या भिंतीत मूळ धरते. पोराचं रक्त त्या मुळांच्या आतून फिरतं, तुझं बाहेरून. तुझ्या रक्तातलं हवं ते पोर ओढून घेतं. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. तेव्हा रक्त नासकं न् गोळा नासका, हे सगळं खोटं."

"मंग गळतं कशाने?" तुळसाने विचारलं.

"पुष्कळ कारणं असतात. कधी कधी कुणालाच कळत नाही, ह्या साहेबांनाही नाही. आता ही पहिली अडीच-तीन महिन्यांची वेळ नाजूक. वार अजून रुजतेय. ह्या दिवसांत तुझं रक्त तिथे नुसतं पाझरतं. वार घट्ट झाली, की पुढे हळूहळू वाटा मोकळ्या होतात आणि मग भरपूर जायला लागतं. तोवर ओझं उचलू नकोस. गरम काढे तर मुळीच नकोत. आणि घरात कुणी शहाणपणा केला, तर मला येऊन सांग." शेवटचं वाक्य बोलताना ती काळुरामकडे बघत होती.

रस्त्याने काळुराम तुळसाच्या दहा पावलं पुढे चालत होता. नर्सने त्याचं कारण काढून घेतलं होतं, आणि बायकांच्या देखत काढून घेतलं होतं. पण ह्या जातीच्या माणसाला हरल्याचं कधी कळत नाही. स्टेशनाचा पूल उतरेपर्यंत त्याच्या डोक्यात नवं यंत्र फिरायला लागलं. नर्स काय बोलली? रक्त नुसतं पाझरतं. पाझरतं म्हणजे? म्हणजे अडलंय! वाफ्यात पाणी नुसतं पाझरायला लागलं तर मुकादम काय करतो? उघाडी अडकली म्हणतो आणि ती उघडतो. एवढं साधं. ती शिकलेली बाई ते सांगता सांगता चुकली, आणि काळुरामने धरलं. पुढची वाट तो छाती काढून चालला.

दुसऱ्या दिवशी त्याने मिठागरातल्या माणसांना गोळा करून सगळं समजावलं. तुळसाच्या पोटाची चर्चा त्याने वाफ्याची करावी तशी केली, काठीने चिखलात रेघा ओढून. "हा पोट. हा पोर. रक्त इथपर्यंत येतं न् अडतं. आपण काय करू? खाली ओढू."

"कसा ओढणार, मुकादम?" गुणाजीने विचारलं. गुणाजी उघाडीवरचा माणूस, भोळा. उत्तर ऐकायला खरंच उत्सुक होता बिचारा.

"जळवा."

मिठागरात काम करणाऱ्यांचे पाय खारट चिखलाने फुटतात, सुजतात, रात्रंदिवस ठणकतात. मग तळ्यातल्या जळवा आणून घोट्याला लावायच्या. त्या काळं रक्त ओढतात, सूज उतरते. कोपरीतल्या प्रत्येक घरात हे चालायचं. काळुरामचा हिशेब असा, की घोट्याला जळवा लावल्या की वरचं रक्त खाली धावणार, आणि धावताना वाटेत पोट आहेच. ते भरून निघणार. वरून रक्त पातळ करायला सुंठ-मिऱ्याचा कडक काढा. माणसं माना हलवत राहिली. मुकादमाला नाही कोण म्हणणार? हजेरी त्याच्या हातात.

आणि तुळसाची विश्रांती? ती त्याने अशी दिली, की मोठ्या पाटीऐवजी लहान पाटी.

त्याच दोन-चार दिवसांत मिठागरात एक भानगड झाली. पावसाळ्यानंतर वाफ्यांचा तळ नव्याने चोपून घ्यावा लागतो. बाया-माणसं ओळीने पायांनी चिखल तुडवतात, मग फळीने बडवतात, आणि तळ दगडासारखा होईपर्यंत त्यावर पाण्याचा नुसता हात फिरवायचा. गुणाजीला वाटलं तळ झाला. त्याने उघाडी वर केली. भरतीचं पाणी धाडकन आत आलं आणि आठवड्याची मेहनत गढूळ होऊन वाहून गेली.

काळुराम धावत आला. त्याने गुणाजीचं जे काही केलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "गाढवा! कच्च्या तळावर भरती सोडतोस? तळ धरला नाय अजून, न् पाणी सोडतोस? तुझे बापाने असा मीठ काढला होता? आधी नुसता भिजवायचा, भिजवायचा! घट्ट झाला की मंग पाणी! रेड्यालाही कळल ह्या!" सगळं मिठागर ऐकत होतं. लहान पाटी डोक्यावर घेऊन तुळसाही ऐकत होती.

त्या रविवारी काम बंद होतं. काळुरामने भल्या सकाळी तळ्यावरून जळवा आणल्या, मडक्यात ओल्या फडक्याखाली. असली कामं चारचौघांत करायची त्याला हौस. ओटीवर शेजारपाजार जमला. गुणाजीही शिव्या पचवून आला होता, मडकं धरायला. चुलीवर ठमाबाई काढा उकळत होती. त्याचा वास बाहेरच्यांच्याही घशाला झोंबत होता.

"बस," काळुराम तुळसाला म्हणाला. "पाय पुढं कर."

तुळसा उभीच राहिली. "नर्सबाईने नको सांगितलं हाय."

"नर्सबाई तुझी सासू का माझी आये? बस."

तिला खांदा दाबून बसवलं. त्याने एक जळू काढून तिच्या घोट्याला लावली. जळू चिकटली. तो दुसरी काढायला वाकला, तेव्हा तुळसा बोलली. मोठ्याने नाही. पण ओटीवर सगळे गप्प होते, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमीच गुणाजीला बोलला ना, कच्च्या तळावर भरती सोडू नको? मंग माझे पोटात कशाला सोडताव?"

मडकं धरलेल्या गुणाजीचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याला हसू आलं. आधी नाकातून, मग थांबेना. ओटीखालच्या एका म्हाताऱ्यानेही खोकल्याच्या निमित्ताने हसून घेतलं.

काळुरामला ते कळलं. तोच तर प्रश्न आहे. कळलं नसतं तर त्याला अडाणी म्हणून सोडून देता आलं असतं. पाण्याचं ज्याला एवढं कळत होतं, त्याला बायकोचं बोलणं त्याच क्षणी आरपार कळलं. तिच्या एका वाक्यात नर्सचं सगळं बोलणं त्याच्या भाषेत आलं होतं. हात मडक्यात तसाच राहिला. त्या घटकेला तो हात मागे घेऊ शकला असता, मडकं उपडं करून "चला, उठा" म्हणू शकला असता. माणूस म्हणून एकदा तरी उभा राहिला असता. पण समोर गुणाजी हसत होता.

"मना शिकवतंस?" तो ओरडला आणि त्याने तिचा दुसरा पाय ओढला.

तुळसाने त्याच पायाने मडक्याला लाथ मारली. मडकं ओटीवरून खाली गेलं, फुटलं, जळवा धुळीत वळवळायला लागल्या. ठमाबाई काढ्याचं भांडं घेऊन बाहेर आली होती, ती तिथेच किंचाळली. तुळसा उठली, घरात गेली, डब्यातलं चिमूटभर मीठ आणलं आणि सगळ्यांच्या समोर घोट्यावरच्या जळूवर टाकलं. जळू आकसून गळून पडली. तिने तो घोटा लुगड्याच्या पदराने पुसला.

"मी कल्याणला जातंय," ती म्हणाली. "पोट ऱ्हायला तं ऱ्हायला. गेला तं माझा माझा जाईल. तुमचे हाताने नाय."

कोपरीतून ठाण्याचं स्टेशन काही लांब नाही. ती चालत गेली. काळुराम ओटीवर पाय पसरून बसला आणि म्हणाला, "संध्याकाळपर्यंत येईल." संध्याकाळी म्हणाला, "उद्या येईल." नंतर म्हणाला, "मीच घालवली." त्याच्या तोंडात प्रत्येक हार अशीच कपडे बदलून यायची.

आता पंचांपुढे जायला त्याच्याकडे चांगलंच कारण होतं. बायको लाथ मारून पळाली. पंचांनी गंभीर चेहरे करून ऐकलं, सुपाऱ्या कातरल्या आणि दुसरं लग्न करायला मोकळीक दिली. मोठेपणा केला! काळुराम भटजीकडे गेला. भटजींनी मुहूर्त काढण्याऐवजी पंचांगच मिटलं. "अरे, असलं लग्न लावणाऱ्यालाही पकडतात आता. तू तुरुंगात गेलास तर मुकादम राहशील, मी गेलो तर माझ्या हातचं पाणी कोण पिणार? दुसरा भट बघ." डोंबिवलीकडच्या मुलीच्या बापापर्यंत ही गोष्ट पोचली, आणि त्याला अचानक आठवलं की मुलगी अजून लहान आहे. न्याय झाला म्हणून कुणी टाळ्या पिटायला नकोत. हे सगळे आपापल्या भीतीपायी मागे सरले. तुळसाची आठवण त्यांतल्या एकालाही नव्हती.

कल्याणहून मात्र बातमी येत राहिली. परशुरामने खोलीत बहिणीला खाट दिली आणि स्वतः बाहेर निजायला लागला. त्याची बायको रतन तिला घड्याला हात लावू देत नव्हती. डाग काही दिवस दिसत राहिले. ते दिवस तुळसाने छपराकडे बघत काढले. मग थांबले. तिसरा महिना गेला, चौथा गेला. पोट दिसायला लागलं. ते कशाने राहिलं? विश्रांतीने, की ते राहणारंच होतं? मंदाकिनी नर्सनेही छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं. एक मात्र खरं, की त्या पोटावर आता कुणाचा हुकूम चालत नव्हता.

बातमी ऐकून काळुरामच्या मनात एकदम बापपण जागं झालं. माघाच्या सुमाराला तो नवी टोपी घालून कल्याणला गेला. परशुराम दारातच बसला होता, नुकता कामावरून आलेला, खांद्याला गोणीचे वळ.

"या दाजी. बसा. पाणी घेणार?"

"पाणी नको. तुळसाला बोलव."

तुळसा आली, उंबऱ्याच्या आत उभी राहिली. गालावर मांस आलं होतं. काळुरामने तिच्या पोटाकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं.

"घरी चल," तो म्हणाला.

"कशाला?"

ह्या एका शब्दाला माणसाकडे कितीतरी उत्तरं असतात. चुकलो, असं एक असतं. पोर आपलं आहे, असंही असतं. तुझ्यावाचून घर लागत नाही, हे खोटं का होईना, म्हणता येतं. काळुरामने टोपी काढली, पुन्हा घातली, घसा साफ केला. तुळसा थांबली होती. तिने खरोखर वाट बघितली, हे लक्षात ठेवायला हवं. रतन आतून, हातातलं पीठ तसंच धरून, वाट बघत होती.

"मीठ धरलंय," काळुराम म्हणाला. "काढायचे दिवस आलं. बाया कमी पडतान."

परशुराम असा हसला, की समोरच्या खोलीतली माणसं बाहेर आली. तुळसा हसली नाही. तिने पदर सारखा केला.

"मुकादम," ती म्हणाली, "दुसरी मजूर बघा." आणि आत गेली.

 काळुरामला निघताना, मागितलं नव्हतं तरी, रतनने चहा दिला, तो त्याने बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

वैशाखात तुळसाला मुलगी झाली. नंदा नाव ठेवलं. पुढे तुळसाने कल्याणच्या बाजारातच मिरच्या निवडायचं काम धरलं. शेजारी पाळणा टांगलेला असायचा. पोरगी रडली की ती हातांची आग धुऊन तिला घ्यायची, आणि बाजूच्या बायकांनी सासरचं काही विचारलं तर म्हणायची, "तिकडं पाणी खारट हाय गं."